आकाशगंगेच्या केंद्राजवळील वायुमेघांचे अंतरमापन

आकाशगंगेच्या केंद्राजवळील वायुमेघांचे अंतरमापन हा रेडिओ, अवरक्त व क्ष-किरण खगोलशास्त्रातील एक महत्त्वाचा विषय आहे. आपल्या दीर्घिकेच्या, म्हणजेच आकाशगंगेच्या मध्यभागी वायू व धूळ यांचे प्रचंड मेघ आहेत. हे मेघ पृथ्वीपासून किती अंतरावर आहेत आणि त्यांपैकी कोणता मेघ केंद्राच्या अलीकडे व कोणता पलीकडे आहे, हे ठरविणे हा या मापनाचा उद्देश असतो.

आकाशगंगेचे केंद्र पृथ्वीपासून सुमारे २७,००० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्याभोवतीचे बहुतेक दाट मेघ केंद्रापासून सुमारे ८०० प्रकाशवर्षांच्या आत आहेत. त्यामुळे अशा कोणत्याही मेघाचे अंतर सुमारे २७,००० प्रकाशवर्षे आहे असे म्हटले, तर त्यात सामान्यतः तीन टक्क्यांहून अधिक चूक होत नाही. परंतु एकाच दृष्टिरेषेवर दिसणाऱ्या मेघांचा क्रम या ढोबळ आकड्यावरून कळत नाही. मेघांची परस्परांमधील टक्कर, ताऱ्यांची निर्मिती, तसेच केंद्रातील कृष्णविवराकडे जाणारा वायू यांविषयीचे निष्कर्ष मात्र या क्रमावरच अवलंबून असतात. हा क्रम कोणत्याही एका पद्धतीने निर्विवादपणे ठरत नाही. म्हणून अनेक स्वतंत्र पद्धतींचे पुरावे एकमेकांशी ताडून पाहिले जातात.

## मेघांचे स्वरूप

आकाशगंगेचे केंद्र धनू तारकासमूहाच्या दिशेला आहे. तेथे सॅजिटेरियस ए* (उच्चार: ए-स्टार) हा रेडिओस्रोत असून तो सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमानाच्या कृष्णविवराशी निगडित आहे. ब्रूस बॅलिक व रॉबर्ट ब्राउन यांनी १९७४ मध्ये तो शोधून काढला. या कृष्णविवराभोवतीच्या सुमारे २५० पार्सेक (१ पार्सेक = ३.२६ प्रकाशवर्षे) त्रिज्येच्या प्रदेशाला मध्यवर्ती रेणवीय विभाग म्हणतात. तेथील वायूचे एकूण वस्तुमान सूर्याच्या काही कोटी पट आहे. हा वायू मुख्यतः हायड्रोजन रेणूंचा बनलेला आहे. सूर्याच्या परिसरातील मेघांच्या तुलनेत तो अधिक दाट, अधिक उष्ण व अधिक खळबळयुक्त आहे.

थंड हायड्रोजन रेणू रेडिओ लहरींमध्ये सहजी दिसत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासोबत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, फॉर्माल्डिहाइड व हायड्रॉक्सिल या रेणूंच्या वर्णपटरेषांवरून मेघांचा मागोवा घेतला जातो. आंतरतारकीय अवकाशातील अमोनियाचा शोध १९६८ मध्ये याच दिशेच्या निरीक्षणांतून लागला. या विभागातील प्रमुख मेघांमध्ये सॅजिटेरियस बी२, सॅजिटेरियस सी, ‘वीट’ या टोपणनावाने ओळखला जाणारा जी०.२५३+०.०१६, तसेच आपापल्या वेगांवरून नावे मिळालेले ‘२० किमी/से मेघ’ व ‘५० किमी/से मेघ’ यांचा समावेश होतो.

## मापनातील अडचणी

धुळीचा पडदा. पृथ्वी व केंद्र यांच्यामधील धुळीमुळे केंद्राकडून येणारा दृश्य प्रकाश जवळजवळ पूर्णपणे अडतो. तेथून निघालेल्या एक लाख कोटी फोटॉनांपैकी सुमारे एकच पृथ्वीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे दृश्य प्रकाशात काम करणाऱ्या गाया या अवकाशीय दुर्बिणीने कोट्यवधी ताऱ्यांची अंतरे मोजली असली, तरी हा विभाग तिच्या आवाक्याबाहेर राहिला. रेडिओ लहरी, अवरक्त किरण व उच्च ऊर्जेचे क्ष-किरण मात्र हा पडदा भेदून येऊ शकतात.

बाजूने दिसणारी तबकडी. सूर्य आकाशगंगेच्या तबकडीतच असल्यामुळे केंद्रीय प्रदेश आपल्याला कडेच्या बाजूने दिसतो. पृथ्वीपासून केंद्रापर्यंतचे आणि केंद्रापलीकडचे मेघ एकाच अरुंद पट्ट्यात एकमेकांवर पडलेले दिसतात.

मेघाला निश्चित तेजस्विता नसणे. काही प्रकारच्या ताऱ्यांची मूळ तेजस्विता ठाऊक असते. ती दिसणाऱ्या तेजस्वितेशी ताडून अंतर काढता येते. वायुमेघांना असे प्रमाण नाही. लहान पण जवळचा मेघ आणि मोठा पण दूरचा मेघ सारखेच दिसू शकतात.

## पायाभूत अंतर: केंद्र किती दूर?

मेघांची अंतरे केंद्राच्या संदर्भात सांगितली जात असल्याने केंद्राचे अंतर अचूकपणे ठाऊक असणे आवश्यक ठरते. हार्लो शॅप्ली यांनी १९१८ च्या सुमारास गोलाकार तारकागुच्छांच्या वितरणावरून सूर्य आकाशगंगेच्या केंद्रस्थानी नसल्याचे दाखवून दिले. धुळीमुळे होणारी प्रकाशाची घट तेव्हा नीट ज्ञात नव्हती. त्यामुळे त्यांनी काढलेले केंद्राचे अंतर आजच्या मूल्याच्या सुमारे दुप्पट होते.

आजचे सर्वांत अचूक मूल्य एस२ या ताऱ्याच्या कक्षेवरून मिळाले आहे. हा तारा सॅजिटेरियस ए* भोवती सुमारे १६ वर्षांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. आकाशात दिसणाऱ्या त्याच्या कक्षेचा आकार कोनात मोजला जातो. डॉप्लर परिणामावरून त्याचा खरा वेग किलोमीटर प्रतिसेकंदात मिळतो. कोनीय आकार व खरा वेग यांची सांगड घातली, की अंतर थेट निघते. चिली येथील व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या ग्रॅव्हिटी या उपकरणाने अशा प्रकारे २०१९ मध्ये ८,१७८ पार्सेक, तर २०२१ मध्ये ८,२७५ पार्सेक हे मूल्य दिले. अशाच तारकीय कक्षांच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी राइनहार्ट गेन्झेल व अँड्रिया गेझ यांना २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

## मापनपद्धती

### वेगावरून अंतर

आकाशगंगेच्या तबकडीत इतरत्र असलेल्या मेघांसाठी ही नेहमीची पद्धत आहे. वायू केंद्राभोवती वर्तुळाकार फिरतो असे गृहीत धरल्यास, विशिष्ट दिशेला दिसणाऱ्या मेघाच्या त्रिज्यीय वेगावरून (दृष्टिरेषेवरील वेगावरून) त्याचे केंद्रापासूनचे अंतर काढता येते. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेषेचे भाकीत हेंड्रिक व्हान दे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले व १९५१ मध्ये ती प्रत्यक्षात सापडली. त्यानंतर या पद्धतीने आकाशगंगेच्या सर्पिल बाहूंचे पहिले नकाशे तयार झाले.

केंद्राच्या दिशेला मात्र ही पद्धत निरुपयोगी ठरते. त्या दिशेला वर्तुळाकार फिरणारा वायू दृष्टिरेषेला काटकोनात सरकत असतो. त्यामुळे तो अलीकडे असो वा पलीकडे, त्याचा त्रिज्यीय वेग जवळपास शून्यच येतो. केंद्रापासून सुमारे पाऊण अंशावर दिसणाऱ्या सॅजिटेरियस बी२ च्या दिशेला सूर्याच्या सुमारे २४० किमी/से या भ्रमणवेगाचा केवळ ३ किमी/से इतका भाग दृष्टिरेषेवर येतो.

प्रत्यक्षात केंद्राजवळील मेघांचे त्रिज्यीय वेग शून्याच्या आसपास नसून दोन्ही बाजूंना २०० किमी/से पर्यंत पोहोचतात. आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दंडाकृती पट्टा असून त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे वायूच्या कक्षा लांबट झालेल्या आहेत, हे याचे मुख्य कारण होय. जेम्स बिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या वेगांचे स्पष्टीकरण दंडाकृती पट्ट्यातील कक्षांच्या आधारे दिले. म्हणजेच केंद्राजवळ वेगावरून अंतर काढण्यासाठी आधी कक्षेचा आकार ठाऊक हवा, आणि कक्षेचा आकार ठरविण्यासाठी अंतर ठाऊक हवे, असा हा पेच आहे.

### शोषणरेषा

तेजस्वी रेडिओस्रोताच्या अलीकडे असलेला मेघ त्या स्रोताच्या विशिष्ट तरंगलांबीच्या लहरी शोषून घेतो आणि वर्णपटात खाच उमटते. पलीकडचा मेघ अशी खाच पाडू शकत नाही. त्यामुळे मेघ स्रोताच्या पुढे आहे की मागे, हे वेगाविषयी कोणतेही गृहीतक न धरता कळते. सॅजिटेरियस ए हे रेडिओसंकुल स्वतःच अत्यंत तेजस्वी असल्याने केंद्राच्या दिशेला ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

तीन किलोपार्सेक बाहू हे याचे ठळक उदाहरण आहे. डच खगोलशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये शोधलेला हा वायूचा बाहू केंद्राच्या दिशेला सुमारे ५३ किमी/से वेगाने पृथ्वीकडे येताना दिसतो. त्याची शोषणरेषा सॅजिटेरियस ए वर उमटते, म्हणून तो केंद्राच्या अलीकडे आहे. अलीकडचा वायू पृथ्वीकडे येत असेल, तर तो केंद्रापासून दूर जात असला पाहिजे. या साध्या तर्काने केंद्राजवळील वायूची गती केवळ वर्तुळाकार नसल्याचे सिद्ध झाले. केंद्रापलीकडचा त्याचा जोडीदार बाहू थॉमस डेम व पॅट्रिक थॅडियस यांना २००८ मध्ये सापडला. तो केंद्राच्या दिशेला सुमारे ५६ किमी/से वेगाने पृथ्वीपासून दूर जाताना दिसतो.

### उत्सर्जन व शोषण यांची तुलना

शोषणरेषेवरून केवळ अलीकडे की पलीकडे एवढेच कळते. त्सुयोशी सावादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या पद्धतीचा पुढचा टप्पा गाठला. केंद्रीय प्रदेशात सर्वत्र विखुरलेली मंद रेडिओदीप्ती आहे. मेघ जितका अलीकडे, तितकी अधिक दीप्ती त्याच्या मागे असते आणि शोषण तितके ठळक होते. कार्बन मोनॉक्साइडच्या उत्सर्जनावरून वायूचे प्रमाण आणि हायड्रॉक्सिलच्या शोषणावरून त्याची दृष्टिरेषेवरील जागा असा मेळ घालून त्यांनी मध्यवर्ती विभाग वरून पाहिल्यास कसा दिसेल, याचा नकाशा काढला. त्यासाठी वायूच्या गतीविषयी कोणतेही गृहीतक घ्यावे लागले नाही. मात्र रेडिओदीप्तीचे वितरण आणि मेघांतील रेणूंचे परस्परप्रमाण सर्वत्र सारखे असते, असे येथे धरावे लागते.

### पराशय

पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने जवळची वस्तू दूरच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकताना दिसते. या स्थानबदलाला पराशय म्हणतात. ही सर्वांत थेट पद्धत असून तिला वस्तूच्या स्वरूपाविषयी काहीही गृहीत धरावे लागत नाही. काही मेघांत पाण्याच्या रेणूंपासून निघणारे मेसर असतात. हे सूक्ष्म व अतितेजस्वी रेडिओस्रोत खुणेच्या दिव्यासारखे उपयोगी पडतात.

मार्क रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये व्हेरी लाँग बेसलाइन ॲरे या दुर्बिणसमूहाच्या साहाय्याने सॅजिटेरियस बी२ मधील पाण्याच्या मेसरांचा पराशय मोजला. हवाई बेटांपासून कॅरिबियन समुद्रातील बेटांपर्यंत विखुरलेल्या दहा रेडिओ दुर्बिणींच्या या समूहाने दिलेले मूल्य ०.१२९ कोनीय मिलिसेकंद इतके होते. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे सुमारे ४०,००० किलोमीटरवरून पाहिल्यास एवढाच कोन करील. यावरून या मेघाचे अंतर सुमारे ७.८ किलोपार्सेक निघाले.

या मापनातील अनिश्चितता सुमारे ०.८ किलोपार्सेक होती. वेगांच्या विश्लेषणावरून सॅजिटेरियस बी२ केंद्राच्या अलीकडे सुमारे ०.१३ किलोपार्सेक असावा, असे याच अभ्यासात मानले गेले. म्हणजे अनिश्चितता ही शोधावयाच्या फरकाच्या सहापट होती. पराशयाने मेघ केंद्राच्या परिसरात असल्याची खात्री पटली, परंतु तो अलीकडे की पलीकडे हे पराशयाने ठरले नाही. पराशयासाठी केलेल्या निरीक्षणांतून मेसरांची निजगती (आकाशातील आडवी गती) मात्र मिळते. त्रिज्यीय वेगाला तिची जोड मिळाली, की मेघाच्या गतीची दिशा त्रिमितीत कळते आणि कक्षेविषयीचे अनुमान अधिक भक्कम होते.

### ताऱ्यांच्या लालीवरून

दाट मेघातील धुळीतून आलेला ताऱ्याचा प्रकाश लालसर व मंद होतो. मेघाच्या अलीकडच्या ताऱ्यांवर त्या मेघाचा परिणाम होत नाही, पलीकडच्या ताऱ्यांवर होतो. जवळजवळ ठरावीक तेजस्विता असलेल्या विशिष्ट तांबड्या राक्षसी ताऱ्यांची अंतरे काढली, की ज्या अंतरावर ताऱ्यांची लाली एकाएकी वाढते, तेथे मेघ असल्याचे अनुमान करता येते. अवरक्त प्रकाशातील विस्तृत सर्वेक्षणांमुळे ही पद्धत केंद्राजवळ वापरता येऊ लागली. एकूण वाटेवरील धूळ प्रकाशाचा रंग नेमका किती बदलते, याविषयीच्या गृहीतकावर तिचे उत्तर बरेच अवलंबून असते.

यासारखेच एक ढोबळ गमक अवरक्त छायाचित्रांत मिळते. केंद्राभोवतीच्या तेजस्वी पार्श्वभूमीवर जे मेघ काळ्या डागांसारखे दिसतात, ते बहुधा अलीकडच्या बाजूचे असतात. जे पुरेसे दाट असूनही काळे दिसत नाहीत, ते पलीकडचे असण्याची शक्यता अधिक असते.

### क्ष-किरणांचे पडसाद

सॅजिटेरियस ए* आज अतिशय मंद आहे. परंतु भूतकाळात ते काही काळ तेजस्वी झाले असल्यास, त्या वेळी निघालेले क्ष-किरण दूरच्या मेघांवर आदळून आज पृथ्वीपर्यंत पोहोचू शकतात. राशिद सुन्याएव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना १९९३ मध्ये मांडली. त्यानंतर जपानच्या आस्का उपग्रहाच्या साहाय्याने कात्सुजी कोयामा व सहकाऱ्यांना १९९६ मध्ये सॅजिटेरियस बी२ कडून लोहाच्या अणूंची ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची तेजस्वी रेषा मिळाली. २००० नंतरच्या वर्षांत या मेघाची ही चमक ओसरत गेली. तिचा उगम बाहेरून आलेल्या व निघून गेलेल्या स्फुरणात आहे, या मताला त्यामुळे बळकटी आली.

पडसादाला लागलेला विलंब मेघाच्या जागेवर अवलंबून असतो. एखादा मेघ आकाशात कृष्णविवरापासून ३४० प्रकाशवर्षे बाजूला दिसत असेल, तर:

- तो कृष्णविवराइतक्याच अंतरावर असल्यास पडसाद थेट प्रकाशापेक्षा ३४० वर्षे उशिरा पोहोचतो;
- तो ४२० प्रकाशवर्षे अलीकडे असल्यास विलंब सुमारे १२० वर्षे होतो;
- तो ४२० प्रकाशवर्षे पलीकडे असल्यास विलंब सुमारे ९६० वर्षे होतो.

स्फुरणाचा काळ ठाऊक असेल तर मेघाची जागा कळते, आणि मेघाची जागा ठाऊक असेल तर स्फुरणाचा काळ कळतो. दोन्ही अज्ञात असताना अनेक मेघांची चमक कशी बदलते, याची तुलना केली जाते. एकाच स्फुरणाने एकाच वेळी उजळलेले मेघ अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराच्या एका ठरावीक पृष्ठावर असले पाहिजेत, ही भौमितिक अट येथे उपयोगी पडते.

आयएक्सपीई या उपग्रहाच्या २०२२ मधील निरीक्षणांवरून केंद्राजवळच्या मेघांकडून येणारे क्ष-किरण सुमारे ३१ टक्के ध्रुवित असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ध्रुवणाची दिशा हे किरण मूळचे सॅजिटेरियस ए* चे असल्याशी सुसंगत आहे. ध्रुवणाच्या प्रमाणावरून किरण कोणत्या कोनात विखुरले हेही काढता येते. परंतु अलीकडचा व पलीकडचा असे दोन कोन सारखेच ध्रुवण देतात, त्यामुळे येथेही दुसऱ्या पुराव्याची जोड लागते.

### कक्षेवरून

कृष्णविवराच्या अगदी निकटच्या वायूची गती काही वर्षांतच प्रत्यक्ष दिसते. आडवी गती व त्रिज्यीय वेग दोन्ही मोजता आल्यास कक्षा निश्चित होते व तिच्यावरून वायूची त्रिमितीय जागा कळते. २०१२ मध्ये शोध जाहीर झालेला जी२ हा लहानसा वायुमेघ २०१४ मध्ये कृष्णविवराच्या निकटतम बिंदूतून गेला. त्याची वाट याच रीतीने आखली गेली होती. सॅजिटेरियस ए पश्चिम या आयनीभूत वायूच्या तीन धारांच्या कक्षाही अशाच प्रकारे काढण्यात आल्या आहेत.

### पद्धतींची तुलना

| पद्धत | काय कळते | मुख्य मर्यादा |
|---|---|---|
| त्रिज्यीय वेग | कक्षा ठाऊक असल्यास जागा | केंद्राच्या दिशेला वर्तुळाकार गतीचे गृहीतक कोलमडते |
| शोषणरेषा | स्रोताच्या अलीकडे की पलीकडे | नेमके अंतर मिळत नाही |
| उत्सर्जन-शोषण तुलना | दृष्टिरेषेवरील अंदाजे जागा | रेडिओदीप्तीचे वितरण गृहीत धरावे लागते |
| मेसरांचा पराशय | पृथ्वीपासूनचे थेट अंतर | क्रम ठरविण्याइतकी अचूकता नाही |
| ताऱ्यांची लाली | मेघाचे अंतर | धुळीच्या गुणधर्मांवर अवलंबून |
| क्ष-किरणांचे पडसाद | कृष्णविवराच्या संदर्भात जागा | स्फुरणाचा काळ निश्चित नसतो |
| कक्षा | त्रिमितीय जागा | केवळ कृष्णविवराच्या निकट शक्य |

## काही उदाहरणे

### ‘वीट’ मेघ

जी०.२५३+०.०१६ हा मेघ अवरक्त छायाचित्रांत काळ्या विटेसारखा दिसतो. सूर्याच्या सुमारे एक लाख पट वस्तुमान असूनही त्यात तारे जवळजवळ निर्माण होताना दिसत नाहीत. केंद्राजवळील तीव्र खळबळीमुळे तारकानिर्मिती खुंटते, या मताचा हा मेघ म्हणजे प्रमुख पुरावा मानला जातो.

मानुएला झोकाली व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ताऱ्यांच्या लालीवरून या मेघाचे अंतर सुमारे ७.२ किलोपार्सेक, म्हणजे केंद्राच्या सुमारे एक किलोपार्सेक अलीकडे असल्याचे मांडले. त्याच वर्षी फ्रान्सिस्को नोगेरास-लारा व सहकाऱ्यांनी तशाच प्रकारच्या ताऱ्यांवरून ते सुमारे ८.४ किलोपार्सेक, म्हणजे केंद्रीय विभागातच असल्याचे सांगितले. मेघाच्या वर्णपटरेषांची मोठी रुंदी, वायूचे तापमान आणि शेजारच्या मेघांशी सलग जुळणारा वेग ही लक्षणे दुसऱ्या मताला अनुकूल आहेत.

दिसणाऱ्या दीप्तीवरून काढलेले वस्तुमान अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे पहिले मत खरे मानल्यास मेघाचे वस्तुमान जवळजवळ एकचतुर्थांशाने कमी होते. याहून महत्त्वाचे म्हणजे तो केंद्रीय विभागाबाहेरचा ठरतो आणि त्याच्यावर उभारलेले तारकानिर्मितीविषयीचे स्पष्टीकरण आधार गमावते.

### सॅजिटेरियस ए संकुल

कृष्णविवराच्या दिशेला काही घटक एकमेकांवर पडलेले दिसतात: सॅजिटेरियस ए पूर्व हा अतिनवताऱ्याचा अवशेष, सॅजिटेरियस ए पश्चिम हा आयनीभूत वायू आणि स्वतः सॅजिटेरियस ए*. कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी आयनीभूत वायूत शोषल्या जातात, याचा उपयोग करून या घटकांचा क्रम लावण्यात आला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत, सुमारे ९० सेंटिमीटर तरंगलांबीला सॅजिटेरियस ए पश्चिम हे पूर्व घटकाच्या तेजस्वी पार्श्वभूमीवर काळ्या छायेसारखे दिसले. म्हणजे पश्चिम घटक पूर्व घटकाच्या अलीकडे आहे.

यापुढील पायरी महाराष्ट्रातील दुर्बिणीने गाठली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथे असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या दुर्बिणीने सुभाशिष रॉय व ए. प्रमेश राव यांनी केंद्राची ५८०, ६२० व १०१० मेगाहर्ट्झ वारंवारतांवर निरीक्षणे केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार सॅजिटेरियस ए* हा स्रोत ६२० मेगाहर्ट्झवर स्पष्ट दिसला. या वारंवारतेला सॅजिटेरियस ए पश्चिममधील वायू बऱ्याच अंशी अपारदर्शक असतो. तो वायू अलीकडे असता, तर हा स्रोत मंदावलेला दिसला असता. त्यावरून सॅजिटेरियस ए* हे त्या वायूच्या अलीकडे असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

शेजारच्या ५० किमी/से मेघाविषयी अधिक मतभेद आहेत. सॅजिटेरियस ए पूर्वचा धक्का या मेघाला बसत असल्याच्या खुणा हायड्रॉक्सिलच्या १७२० मेगाहर्ट्झ मेसरांच्या रूपाने १९९६ मध्ये मिळाल्या. त्यावरून तो केंद्रापासून थोड्याच पार्सेकांवर असला पाहिजे. वेगांच्या आधारे रचलेल्या काही प्रतिमानांत मात्र तो केंद्रापासून कित्येक पट दूर येतो.

### फसवा पडदा

सॅजिटेरियस ए* ची रेडिओप्रतिमा वाटेतील आयनीभूत वायूमुळे पसरट दिसते. हा वायू केंद्रापासून सुमारे १३० पार्सेकांवर असावा, असे १९९८ पासून मानले जात होते. २०१३ मध्ये सॅजिटेरियस ए* पासून केवळ २.४ कोनीय सेकंदांवर पीएसआर जे१७४५−२९०० हा चुंबकतारा सापडला. त्याच्या स्पंदांचा काळातील पसरटपणा व प्रतिमेचा पसरटपणा यांची तुलना केल्यावर हा पडदा केंद्रापासून सुमारे ५.८ किलोपार्सेक, म्हणजे पृथ्वीपासून सुमारे अडीच किलोपार्सेक अंतरावर असल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. केंद्राशेजारचा म्हणून समजला गेलेला वायू प्रत्यक्षात केंद्रापेक्षा पृथ्वीच्या अधिक जवळ निघाला.

## त्रिमितीय प्रतिमाने

मेघांच्या जागा व वेग एकत्र मांडून मध्यवर्ती विभागाच्या रचनेची अनेक प्रतिमाने सुचविली गेली आहेत. योशिआकी सोफुए यांनी १९९५ मध्ये मेघांची मांडणी दोन सर्पिल बाहूंत केली. हर्शेल अवकाशीय दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून सर्जो मोलिनारी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सुमारे १०० पार्सेक त्रिज्येचे पीळ पडलेले, आडव्या आठसारखे दिसणारे वलय सुचविले. डिडेरिक क्रुइसेन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बंद वलयाऐवजी टोके न जुळणारी खुली कक्षा मांडली.

ही तिन्ही प्रतिमाने आकाशात दिसणाऱ्या मांडणीशी बऱ्यापैकी जुळतात. पण काही मेघ एका प्रतिमानात अलीकडे, तर दुसऱ्यात पलीकडे येतात. त्यामुळे वेगांवर न विसंबणारे शोषण, लाली व क्ष-किरण पडसादांचे पुरावे प्रतिमानांच्या कसोटीसाठी वापरले जातात.

## महत्त्व

मध्यवर्ती रेणवीय विभागात दाट वायू विपुल असूनही तेथे तारे अपेक्षेच्या सुमारे एकदशांश वेगानेच निर्माण होतात. मेघ कृष्णविवराच्या जवळून जाताना दाबले जाऊन तारकानिर्मिती सुरू होते, की दंडाकृती पट्ट्यातून येणारा वायू वलयात मिसळतो तेथे ती सुरू होते, हे मेघांचा कक्षेवरील क्रम कळल्याशिवाय ठरत नाही. कृष्णविवराला भविष्यात किती वायू मिळेल, याचा अंदाजही जवळचे मेघ खरोखर किती जवळ आहेत यावर अवलंबून आहे. त्याचप्रमाणे क्ष-किरणांच्या पडसादांवरून गेल्या काही शतकांतील कृष्णविवराचा इतिहास वाचण्यासाठी प्रत्येक मेघाची जागा ठाऊक असावी लागते.

आकाशगंगेचे केंद्र हे सर्वांत जवळचे दीर्घिकाकेंद्र आहे. इतर दीर्घिकांच्या केंद्रांतील वायू इतक्या बारकाव्याने पाहता येत नाही. परंतु त्यांपैकी अनेक समोरून दिसत असल्याने त्यांच्यातील मेघांची मांडणी स्पष्ट असते. आकाशगंगेत याच्या उलट स्थिती आहे: प्रत्येक मेघाचे तपशील मिळतात, पण मांडणी अनुमानाने जुळवावी लागते.

## हेसुद्धा पहा

- आकाशगंगा
- सॅजिटेरियस ए*
- पराशय
- डॉप्लर परिणाम
- आंतरतारकीय माध्यम
- जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप